जावईबापूंचं कॅरिअर

सायकल या विषयात मला कोणी काही शिकवू नये! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून मी उभी हयात काढली, आणि ती सगळी हयात सायकलवरून ये-जा केली. त्या काळी सायकलवर बाई दिसली की लोक दुकानातून बाहेर येऊन बघायचे. मी त्यांच्याकडे बघून घंटी वाजवायची! सायकलही कसली, थोरल्या भावाची, दांड्याची, पुरुषी. एका पायाने ढकलत वेग घ्यायचा आणि मागून टांग टाकून बसायचं. उतरतानाही तसंच, चालत्या सायकलवरून, मागून टांग. "फुलपाखरू उतरावं तशी उतरतेस," असं आमचे हे म्हणायचे. हे गेले, एक्स्चेंज गेलं, ते काळे जड फोनही गेले. टांग तेवढी शाबूत राहिली.

म्हणून आमच्या जावईबापूंनी विजेवरची सायकल घेतली आणि तिला मागे मजबूत टोपली बसवायचं ठरलं, तेव्हा मी जाहीर करून टाकलं, "टोपलीचं माझ्याकडे लागलं. कोणी मध्ये पडू नका!"

कोणी मध्ये पडलं नाही. पडले ती मी.

आधी जावईबापूंबद्दल सांगायला हवं. मी मुलीकडे राहते. जावई विम्याच्या ऑफिसात होते. चांगली खुर्ची, चांगलं टेबल, खिडकीजवळची जागा. गेल्या वर्षी एके संध्याकाळी घरी आले, बूट काढले आणि म्हणाले, "मी राजीनामा दिला. मला पाव करायचेत."

"पाव? म्हणजे खायचे?" मी विचारलं.

"खायचे," ते म्हणाले आणि दमून खुर्चीत बसले. दोन वाक्यं सलग बोलले की ते दमतात.

नातेवाइकांना तर विषयच मिळाला. "या वयात करिअर सोडलं!" "चांगल्या करिअरची माती केली!" जो येई तो त्यांचेच पाव खात खात त्यांना करिअरबद्दल ऐकवून जाई. जावईबापू आपले मान खाली घालून पीठ मळत असायचे. मी मात्र कधी चकार शब्द काढला नाही हं! खोटं कशाला बोलू, पाव करतात सुरेख. वरून खरपूस, आतून कापसासारखा. पण विकायचं म्हटलं की यांचे पाय गळतात. एकदा एका घरी पाव विचारायला गेले, बेल वाजवली आणि दार उघडायच्या आत पळून आले! रोज पाव घेणारी चार घरं ठरली होती, तीही मुलीने बोलून. पावसाळ्यापर्यंत एखादं मोठं गिऱ्हाईक मिळालं नाही, तर ओव्हन विकायचा आणि परत नोकरी बघायची, असं त्यांनी आपण होऊन मुलीला कबूल केलं होतं. म्हणून ती सायकल. पाव ते करणार, पोचवणार मी!

तर मी दुकानात गेले. दुकानदार उत्साही होता. "आजी, ही बघा! हलकी, सुटसुटीत. खटका दाबला की बसते, खटका दाबला की निघते."

"निघते?"

"एका हाताने!"

"मग चोरालाही दुसरा हात लागायचा नाही!"

मी स्वतःच टोपल्या तपासायला घेतल्या. एकीचा कान ओढला, तो वाकला. दुसरीवर गुडघा ठेवला, ती बसली. तिसरीत मी स्वतःच बसून बघणार होते, तेवढ्यात दुकानदार धावत आला.

"आजी, आजी! अहो, पावाचं वजन ते केवढं?"

"पावाचं नाही बघत मी, माझ्या शब्दाचं बघतेय!"

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

शेवटी कोपऱ्यात ती दिसली. बोटाएवढ्या जाड तारेची जाळी, चारी बाजूंनी लोखंडी पट्ट्या, आणि मागे खालपर्यंत उतरलेली एक रुंद पट्टी, आधाराला. काय तो थाट! टोपली कसली, बाळंतखोली होती.

"ही कुत्र्याला बसवायची आहे आजी. मोठ्या कुत्र्याला."

"पाव भुंकत नाहीत म्हणून त्यांनी पडायचं का?"

"तसं नाही, पण ही मागची पट्टी बॅटरीच्या..."

"बॅटरीचं बॅटरी बघून घेईल."

"आणि उंच आहे हं. चढता-उतरताना पाय पुढून टाकायचा."

"मला शिकवतोस?" मी म्हटलं, आणि घंटी नव्हती म्हणून नुसतीच मान उडवून निघाले.

बसवायचं काम मी एकटीने केलं. माळ्यावरून ह्यांची हत्यारांची पेटी काढली. उघडली तर आत अजून तोच वास, तेलाचा आणि ह्यांच्या हातांचा. डोळे भरून आले आणि त्या भरात मी गरजेपेक्षा जास्त बोल्ट लावले. प्रत्येक बोल्टाला दोन नट. तेवढ्यानेही समाधान होईना, म्हणून नटाबाहेर आलेली बोल्टाची टोकं हातोडीने ठोकून चपटी केली. आता ती टोपली चोरायची तर चोराला सायकल वितळवावी लागली असती!

मग मी टोपली धरून हलवली. टोपली जागची हलेना, पण तिच्याखालचं कॅरिअरच हलायला लागलं. सीटच्या मागे सामान ठेवायची ती लोखंडी बैठक असते ना, ते कॅरिअर. नवीन सायकल आणि कॅरिअर खिळखिळं! मी तडक वर आले आणि दुकानदाराला फोन लावला.

इथं एक सांगते. ट्रंक कॉलच्या दिवसांत परगावच्या ऑपरेटरशी बोलायचं म्हणजे असं ओरडावं लागे, की मध्ये तार नसती तरी चाललं असतं. ती सवय गेली नाही. मी फोनवर बोलते तेव्हा समोरच्या इमारतीतले लोक मधूनमधून 'हो हो' म्हणतात. दुसरं, सायकलचं कॅरिअर काय आणि नोकरीतलं करिअर काय, माझ्या तोंडात दोन्ही एकच. आणि तिसरं म्हणजे जावईबापू स्वयंपाकघरात पीठ आपटत होते. धप्प, धप्प, धप्प.

"हॅलो! टोपलीवाली आजी बोलतेय! अहो, ते कॅरिअर काही खरं नाही! ... हो, जावईबापूंचंच! ... त्यात दमच नाही! नुसतं डुगडुगतंय! ... नाही नाही, पहिल्या भारालाच बसणार ते! ... आता काय सांगू, त्यांनी घेतलं हौसेने, त्यांना काय कळतंय त्यातलं! ... दुरुस्ती नकोच. सोडूनच द्यायचं ते! ... अहो, जुनं कॅरिअर काय भक्कम असायचं! एकदा त्यावर बसलं की माणूस जन्मभर निश्चिंत! अख्खा संसार चालायचा त्यावर!"

धप्प थांबलं.

मी वळून बघितलं. जावईबापू स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाचे. माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे बघितलं आणि आत गेले. पुन्हा धप्प ऐकू आलं नाही.

संध्याकाळी मुलगी आली. "आई, हे असे का बसलेत? जेवायला नको म्हणतात."

मी फोनवर काय बोलले ते तिला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. ऑपरेटरची स्मरणशक्ती! म्हणता म्हणता तिसऱ्या वाक्याला माझं मलाच ऐकू आलं, आणि तळपायापासून लाज चढत चढत कानांशी येऊन थांबली.

"आई!" मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली. "जगातल्या सगळ्यांनी त्यांना हे ऐकवलंय. तू एकटी राहिली होतीस!"

"अगं, मी सायकलचं बोलत होते!"

"त्यांना काय स्वप्न पडलंय?"

"मी आत्ता जाऊन सांगते."

"तू काही सांगू नकोस! तू समजवायला गेलीस की आणखी चिघळतं. मी बघते काय ते."

लाज आली की मला हाताला काम लागतं. म्हटलं, खाली जाऊन सायकलची बॅटरी तरी काढून आणावी, चार्ज करावी. जिन्याखाली प्लग नाही. बॅटरी कॅरिअरच्या खालच्या खणात असते, ती मागच्या बाजूने ड्रॉवरसारखी ओढून काढायची. मी किल्ली फिरवली. ओढली. बोटभर बाहेर आली आणि थांबली. समोर माझी ती रुंद पट्टी आडवी! पट्टी काढायची तर टोपली काढायला हवी. टोपली काढायची तर बोल्ट काढायला हवेत. आणि बोल्ट? माझ्याच हातांनी ठोकलेले! मी बॅटरीला जन्मठेप दिली होती.

पान्हा घेऊन झटापट केली. शेवटी पान्हा पेटीत ठेवला आणि कोणाला काही न सांगता वर येऊन पडले.

सकाळी उठले तर मुलगी कामावर गेलेली, आणि स्वयंपाकघरात जावईबापू नाहीत. ओव्हन कोमट. जिन्यात शेजारीणबाई भेटल्या.

"जावई फार सकाळी निघाले हो आज! कडक इस्त्रीचा शर्ट, ऑफिसची बॅग! ऑफिसच्या रस्त्यालाच वळले. परत घेतात वाटतं नोकरीवर?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बरं केलंत तुम्ही काल बोललात ते. कोणीतरी स्पष्ट बोलायलाच हवं होतं."

ज्या माणसाने वर्षभर सगळ्यांचं ऐकून पीठ सोडलं नाही, तो माझ्या एका फोनने ऑफिसला निघाला होता! मुलीला फोन केला, बंद. जावईबापूंना केला, वाजून वाजून थांबला. मी जिना उतरले आणि सायकलवर बसले. टांग पुढून टाकली बरं का, सांगितल्याप्रमाणे!

बॅटरीत उरलेली धुगधुगी पहिल्या चढापर्यंत पुरली. तिथे सायकलने एक सुस्कारा सोडला आणि ती गेली. विजेवरची सायकल वीज गेल्यावर कशी चालते माहीत आहे का? लोखंडी कपाटाला पायडल लावल्यासारखी! त्यात मागे ते कुत्र्याचं घर! काठी टेकत जाणारे एक आजोबा मला मागे टाकून पुढे गेले आणि वळून म्हणाले, "चालू द्या, छान व्यायाम आहे!"

विम्याच्या ऑफिसचा काचेचा दरवाजा दिसला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. आणि अशा वेळी माणसाचं डोकं काम करत नाही, सवय काम करते. चालती सायकल, उतरायचंय, उजवा पाय उचलला, आणि मागून टांग!

पाय टोपलीत गेला.

फुलपाखरू! एक पाय जमिनीवर, दुसरा जाळीत, सायकल पुढे निघालेली आणि मी तिच्याबरोबर एका पायावर लंगडी घालत. दाराशी रखवालदार होता, त्याने धावत येऊन हँडल धरलं. काचेच्या आड सगळं ऑफिस खुर्च्यांवरून उठलं होतं.

"पार्सल आहे का आजी?" रखवालदाराने विचारलं.

"पाय आहे!" मी म्हटलं.

त्याने पाय सोडवला. चप्पल टोपलीतच अडकून राहिली. ती काढत बसायला वेळ कुठे होता? काचेच्या केबिनमध्ये मला जावईबापू दिसले होते. खुर्चीच्या टोकावर बसलेले, मान खाली. समोर त्यांच्या जुन्या मोठ्या मॅडम. म्हणजे गयावया चालू होती! मी एका चपलेनिशी आत घुसले.

"मॅडम, यांना घेऊ नका!"

जावईबापू उभे राहिले. "आई?"

"तुम्ही बोलू नका, आता मी बोलते! मॅडम, मी यांची सासू. हात जोडते, यांना नोकरीवर घेऊ नका. हा माणूस तुमच्या कामाचा नाही. वेंधळे आहेत! सांगितलेलं लक्षात राहत नाही. आकडेमोड कच्ची! परवाच तंद्रीत एक ओव्हनभर पाव करपवले! विचारांच्या नादात असले की हात धुवायचंसुद्धा भान नसतं, तुमच्या कागदांना डाग पडतील! केस तर असे गळतात..."

मॅडम काहीच बोलत नव्हत्या. मला वाटलं, पटतंय त्यांना. मग दिसलं की त्यांच्या तोंडात घास आहे. तो चावणं त्यांनी थांबवलं होतं. टेबलावर फायली नव्हत्या, पांढरा रुमाल होता, आणि रुमालावर पावाचे तुकडे मांडलेले होते.

मॅडमनी मोठ्या कष्टाने घास गिळला. "आजी," त्या म्हणाल्या, "हे नोकरी मागायला आलेले नाहीत. आमच्या कँटीनला पाव द्यायचं विचारायला आलेत."

मी जोडलेले हात खाली घेतले.

"धुतात!" मी ओरडले. "हात धुतात! पाव करताना तर फारच धुतात! आणि केस... केस गळायचे ते गळून गेलेत, बघा ना, आता आहेत कुठे!"

जावईबापूंनी नकळत डोक्यावरून हात फिरवला. मॅडमनी तो हात बघितला.

आता सगळंच गेलं म्हणून मी मुळापासून सुरुवात केली. टोपली, बोल्ट, दुकानदार, फोन. "काल मी तुमच्या करिअरबद्दल नव्हते हो बोलत, जावईबापू! सायकलच्या कॅरिअरबद्दल बोलत होते! ते बाहेर उभंय, हवं तर दाखवते!"

"मला माहीत आहे, आई," ते हळूच म्हणाले. "ते डुगडुगतं हे मीच आधी बघितलं होतं. सायकलबद्दल बोलताय हे मला तेव्हाच कळलं."

"मग जेवला का नाहीत?"

"आज इथे यायचं म्हणून पोटात गोळा आला होता." ते थांबले. दोन वाक्यांच्या वर गेले होते बिचारे. पण आणखी एक बोलले. "आत्ताचं मात्र माझ्याबद्दलच होतं ना?"

मी वाकून पायात नसलेली चप्पल नीट करायला लागले.

मॅडमनी रुमालावरचा आणखी एक तुकडा उचलला. पालथा केला, उजेडाकडे धरला, जणू त्यात केस शोधत होत्या. जावईबापूंचा चेहरा रुमालापेक्षा पांढरा झाला. मॅडमनी तुकडा तोंडात टाकला.

"आजी, हे इथे होते तेव्हा यांच्याइतका साबण दुसऱ्या कोणी संपवला नाही," त्या म्हणाल्या. "करपवतात का, ते बघू. उद्यापासून द्या पाव. रोजचे किती देऊ शकाल?"

जावईबापू काहीतरी पुटपुटले. मॅडमनी हात पुढे केला. ठरलं!

रखवालदाराने चप्पल काढून ठेवली होती. आम्ही सायकल ढकलत निघालो. जावईबापूंनी हँडल धरलं, मी टोपली. सासूने जावयाची माफी कशी मागायची असते, हे मला आईने शिकवलं नव्हतं. तिच्यावर कधी वेळ आली नसावी. मी म्हटलं, "ऊन लागतंय का तुम्हाला?"

"नाही."

"शर्ट छान दिसतोय."

"हं."

"मी बोलले ते... सगळंच काही खरं नव्हतं."

ते थांबले. सायकलही थांबली. "आई, आपला ओव्हन दिवसाला किती पाव करतो?"

"सलग लावला तर साठ होतील. का हो?"

"मी त्यांना तीनशे सांगितले."

त्यांचे कान लाल झाले होते. "तुम्ही आल्यावर माझं डोकंच चालेना. तोंडातून जो आकडा आला तो आला. आकडेमोड कच्चीच आहे माझी."

मला एकदम भरून आलं. हे माझ्यामुळे झालं होतं, मीच निस्तरायला हवं होतं. मी सायकलचं तोंड ऑफिसकडे फिरवलं. "काही घाबरू नका! चला परत. मी येते तुमच्याबरोबर, मॅडमना मी नीट समजावून..."

"नको!"

वर्षभरात त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. त्यांनी सायकल माझ्या हातात दिली, शर्ट खोचला आणि ताठ मानेने एकटे ऑफिसच्या दिशेने चालू लागले. दाराशी थबकले नाहीत, पळूनही आले नाहीत. सरळ आत गेले.

मी रस्त्याच्या कडेला सायकल सांभाळत उभी राहिले. एक बाई जाता जाता थांबल्या. "काय झालं आजी? काही मदत हवी का?"

"नको," मी म्हटलं. "जावयांनी इथेच उभं राहायला सांगितलंय. तोंड न उघडता."